जाड अक्षरांतली कामं

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे.

साकीनाक्याला माझा स्प्रिंगांचा गाळा आहे. शाळा चौथीत सुटली, इंग्रजी येतं ते मापांपुरतं. तरी मेल मीच बघतो. गाळ्यात लोखंडाचा कीस उडतो, म्हणून कॉम्प्युटर घाटकोपरला घरी. पार्टीचा मेल आला की नाव जाड अक्षरांत दिसतं, उघडला की बारीक होतं. मी उघडून माप बघायचो, तार मागवायचो आणि मेल परत ‘न वाचलेला’ करून ठेवायचो. माल टेम्पोत चढला की मगच बारीक. जाड म्हणजे बाकी, बारीक म्हणजे गेलं. गाळ्यावर कारागीरसुद्धा विचारायचे, “शेठ, आज जाड किती?” कुठल्याही पार्टीला मला आठवण करून द्यावी लागली नव्हती. याचा मला माज होता. अजून आहे.

त्या वर्षी सुनेने जाहीर केलं, “बाबा, तुमचा हा मेलचा प्रोग्राम आता बंद पडत चाललाय. एक दिवस वाट लागेल. मी नवीन टाकते.”

“टाक. पण सगळं जसंच्या तसं आलं पाहिजे.”

“तुम्ही मेल कसे ठेवता ते सांगा ना जरा.”

“ते मला नको शिकवूस. तू आपलं आणायचं बघ.”

रविवारी दुपारभर ती बसली. मी शेजारी खुर्ची टाकून मुकादमासारखा लक्ष ठेवून होतो, मध्येच डोळा लागला. जागा झालो तर जुना प्रोग्राम पुसलेला, नवा एकदम झकास. आणि वरपासून खालपर्यंत सगळं बारीक.

“बाबा, किती मेल वाचायचे राहिले होते तुमचे! मला सांगायचं ना, वाचून दाखवले असते. सगळे वाचलेले करून टाकले. आता कसं साफ वाटतंय!”

इतक्या मायेने बोलली की ओरडताही येईना. आणि ओरडून सांगणार काय? तिने विचारलं होतं, मीच उडवून लावलं होतं.

बायको मालवणची, तिने चेहरा ओळखला. “सुनेक सांगा मां काय झाला ता. जीब झडतली काय तुमची?”

“काही झालं नाही. भात वाढ.”

जेवता जेवता एकेक काम आठवत गेलो. चारकोपच्या पार्टीचे पंपाचे स्प्रिंग, मुलुंडच्या बाईंचे शटरचे. पण आणखी एक होतं, छोटं आणि घाईचं. कुणाचं, ते डोक्यात येईना. मेल उघडावेत तर सगळे सारखेच, कुठला माल गेला नि कुठला राहिला ते कुठे लिहिलेलं? कारागिराला विचारावं तर जे सुरूच झालं नाही ते त्याला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर मी पार्ट्यांना फोन लावायला बसलो.

“नमस्कार. घरी नवीन मेल बसवलाय. येतो का नाही तपासतोय. तुमची काही ऑर्डर बाकी असेल तर ती परत पाठवा ना, टेस्टिंगला.”

“काका, या वयात टेस्टिंग? मानलं यार तुम्हाला!” चारकोपवाला हसला.

बोरिवलीला हॉस्पिटलच्या खाटा दुरुस्त करणारा एक जण आहे. तो म्हणाला, “बरं झालं फोन केलात. मी आजच आठवण करून देणार होतो.”

“कशाला? माझ्या डोक्यात आहे,” मी म्हणालो. आणि त्याचा मेल येईपर्यंत पडद्यावरची नजर काढली नाही.

एकेक जाड नाव वर चढू लागलं. एवढ्यात सून माझ्या मागे येऊन उभी राहिली. “अय्या बाबा, एका सकाळीत परत इतके साठले? करू साफ?”

मी माउसवर पंजा ठेवला.

“राहू दे गं. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. मी सावकाश वाचेन.”