बुजवलेल्या रस्त्यापलीकडचं झाड

मर्ल सिल्वेराबद्दल गावात कुणी वाईट बोलत नसे. त्याच्याशीही कुणी बोलत नसे. दुकानात गेला की मालकीण सामान भरून पिशवी पुढे सरकवायची आणि खिडकीबाहेर बघायची. टपाल आणायला गेला की दाराशी उभे असलेले दोघेतिघे बाजूला होऊन वाट द्यायचे, पण त्यांचं बोलणं तो परत बाहेर पडेपर्यंत थांबलेलं असायचं. पंचवीसेक वर्षं हे असंच चाललं होतं. त्यातला राग केव्हाच विरला होता, उरली होती नुसती सवय. नव्या पोरांना तर कारणही ठाऊक नव्हतं. बाप बोलत नाही म्हणून तीही बोलत नसत.

एके काळी मर्ल आणि वेंडेल हेगन ही त्या खोऱ्यातली नावाजलेली जोडी होती. रेडवुडची ती अजस्र झाडं पाडायला माणसं जोडीनेच जात. एकाने एका अंगाने करवत चालवायची, दुसऱ्याने दुसऱ्या अंगाने. एक कापत असला की दुसरा मान वर करून शेंड्याकडे बघत उभा. मोटारीवर चालणाऱ्या करवतीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून वर काही हललं की जोडीदाराच्या खांद्यावर थाप मारायची. थाप बसली की करवत तिथेच टाकून पळायचं, मागे वळून बघायचं नाही. पंधरा-सोळा वर्षं दोघं एकमेकांच्या थापेवर जगले. रविवारी वेंडेलची इर्मा आणि मर्लची लुसिल एकत्र स्वयंपाक करायच्या आणि हे दोघं नदीवर गळ टाकून बसायचे. दिवसभरात चार वाक्यंसुद्धा बोलायचे नाहीत, आणि घरी येऊन मजा आली म्हणून सांगायचे.

मग अठ्ठ्याहत्तर साली सरकारने वरची खोरी राष्ट्रीय पार्कात घेतली आणि तिथली झाडतोड बंद केली. गिरणी बंद पडली. निम्मं गाव ट्रकवर सामान लादून ओरेगॉनला निघून गेलं. पार्कवाल्यांना झाडं तोडलेल्या डोंगरावरचे लाकूड वाहायचे रस्ते बुजवून, ओढे पुन्हा मोकळे करून, जमीन होती तशी करायची होती. बुलडोझर चालवता येणारी माणसं त्यांना हवी होती. मर्लला तो चालवता येत होता. लुसिलच्या किडन्या गेल्या होत्या, तिला आठवड्यातून तीनदा युरेका शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागे. गाव सोडून जाणं शक्य नव्हतं. ज्या पार्कामुळे गिरणी बंद पडली त्याचीच नोकरी त्याने धरली.

कामावर लागला त्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी तो खानावळीत शिरला. वेंडेल नेहमीच्या टेबलाशी बसला होता. त्याने एवढंच विचारलं, "काय रे, ऐकलं ते खरं का?"

"खरं," मर्ल म्हणाला.

वेंडेलने आपला कप उचलला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. त्याच्या मागोमाग बाकीचे उठले. तेव्हापासून ते टेबल मर्लचं एकट्याचं झालं आणि थोड्या दिवसांनी त्याने खानावळीत जाणंच सोडलं.

त्याचं त्याला फारसं वाटलं नाही, पण लुसिलला वाटलं. चर्चच्या सणाला ती दर वर्षी गोड पाव करून न्यायची. आपल्या पोर्तुगीज सासूकडून शिकलेला, वर अख्खं अंडं घालून भाजलेला. पूर्वी त्यावर उड्या पडायच्या. त्या वर्षी टेबलावरची सगळी ताटं रिकामी झाली आणि तिचा पाव होता तसा उरला. तिने तो फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि दोघांनी चार दिवस तो चहाबरोबर खाल्ला. पुढच्या वर्षी तिने पुन्हा केला, पुन्हा नेला, पुन्हा आणला. तिसऱ्या वर्षी तिला उभं राहवेना. ती गेली तेव्हा बायका येऊन ओसरीवर झाकलेली भांडी ठेवून गेल्या. पुरुष कुणी आले नाहीत. दफनाच्या वेळी इर्मा तेवढी कुंपणाबाहेर गाडी लावून आत बसून होती.

त्यानंतर मर्ल जंगलात जायला लागला. कामासाठी तो रोज जातच होता, पण ते उघड्या-बोडक्या डोंगरावर. आता सुट्टीच्या दिवशी तो न तोडलेल्या जुन्या राईत शिरू लागला. आयुष्यभर त्याने या झाडांत फळ्या बघितल्या होत्या. खोड दिसलं की ते कुठल्या अंगाला पडेल आणि पडताना किती तडकेल, हेच डोक्यात यायचं. ते जायला बरीच वर्षं लागली. आत धुकं फांद्यांत अडकून थेंबथेंब गळत असे, खांद्याएवढे नेचे, खाली आंबुशीचा गालिचा, आणि पाऊल टाकलं तरी आवाज नाही. गावातही त्याच्याभोवती शांतताच असायची, पण ती त्याच्यावर रोखलेली असायची. इथली कुणावरही रोखलेली नव्हती. निवृत्त झाल्यावर तर तो रोज सकाळी, पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत, थर्मासात कॉफी घेऊन तिथे जाऊन बसू लागला. लोक देशोदेशींहून ती झाडं बघायला येत. गावातून जाणारा तो एकटाच.

एका ऑक्टोबरात इर्मा त्याच्या दाराशी आली. केस पांढरे झाले होते, पण बोलण्याची तऱ्हा तीच. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. वेंडेलची फुप्फुसं कामातून गेली होती, नाकात नळी लावूनच हिंडावं लागत होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि आता त्याने ध्यास घेतला होता की शेवटचं झाड बघायचं.

"तुला विचार असं काही तो म्हणाला नाही हां," इर्मा म्हणाली. "पण ते झाड तुम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत आहे?"

मर्लला विचारावं लागलं नाही कुठलं झाड ते. तोडीला मनाई यायच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी एका प्रचंड रेडवुडला हात घातला होता. पडताना तडकू नये म्हणून आठवडाभर खपून त्याच्यासाठी माती आणि फांद्यांची गादी केली होती. ज्या अंगाला पाडायचं तिकडची खाचही पाडून झाली होती, माणूस आत बसेल एवढी. मागचा काप सोमवारी घ्यायचा होता. सोमवारी काम बंदचा हुकूम आला. दोघांनी आयुष्यात अर्धवट सोडलेलं ते एकच झाड. मर्ल त्या झाडापाशी पुन्हा कधी गेला नव्हता.

नेमका तिकडचाच रस्ता त्याने स्वतः बुजवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इर्माने पिकअप जंगलाच्या तोंडाशी आणून लावला. वेंडेल आत बसला होता, अंगाने निम्मा झालेला, मांडीवर ऑक्सिजनची टाकी. मर्लने आपल्या बागेतली चाकाची हातगाडी आणली होती, पालापाचोळा वाहायची, त्यात घोंगडी अंथरून. वेंडेलने तिच्याकडे बघितलं.

"शेणखताच्या गाडीतून नेणार मला?"

"धुतलीय," मर्ल म्हणाला.

पंचवीस वर्षांनी त्यांच्यात झालेलं पहिलं बोलणं ते हे. इर्मा पिकअपमध्येच थांबली. मर्लने गाडी ढकलायला सुरुवात केली.

जिथे लाकडाचे ट्रक धावायचे तिथे आता आल्डरची दाट झाडी उभी होती. मुळांवर चाक अडकायचं, मर्ल थांबून दम खायचा, पुन्हा ढकलायचा. दोघंही धापा टाकत होते. वेंडेल आजूबाजूला बघत होता. एकदा त्याने विचारलं की वळण कुठे गेलं. इथेच होतं, मर्ल म्हणाला, माती भरून पुन्हा डोंगराचा उतार करून टाकला.

ओढ्याशी आल्यावर गाडी थांबली. पूर्वी इथे मोरी होती, वरून ट्रक जायचा. मोरी उखडून मर्लने ओढा मूळ खोलीपर्यंत मोकळा केला होता. आता दोन्ही अंगाला उभा काठ आणि खाली दगडांतून वाहतं पाणी. झाड पलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण मधल्या झाडोऱ्यातून बुंधा दिसत नव्हता.

मर्लने काठ वरखाली चाचपून पाहिला. गाडी नेणं शक्य नव्हतं आणि वेंडेलला पाठुंगळी घेऊन उतरण्याचं त्याचं वय राहिलं नव्हतं. तो परत येऊन गाडीशेजारी बसला. मी काम नीटच केलं होतं, असं तो म्हणणार होता, पण म्हणाला नाही.

"जा तू," वेंडेल म्हणाला. "बघून ये."

मर्ल काठाला धरून उतरला, पाण्यातून गेला, पलीकडे चढला. झाड उभं होतं. जवळ जाऊन त्याने साल चाचपली. खाच अजून होती, काळी पडलेली, पण तिचे काठ ओठासारखे आत वळले होते. समोर त्यांनी रचलेल्या गादीची माती झाली होती आणि तिच्यावर हेमलॉकच्या झाडांची रोपं पुरुषभर उंच वाढली होती. त्याने मान वर करून शेंडा बघायचा प्रयत्न केला. धुक्यात शेंडा दिसत नव्हता. मग तो परतला.

"मेलंय का?" वेंडेलने विचारलं.

"नाही. चांगलं हिरवं आहे."

"आणि खाच?"

"भरत आलीय. पुरती नाही."

"कुणाची बाजू जास्त भरलीय?"

"माझी. तुझा काप वाकडा होता."

वेंडेल हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. मर्लने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उबळ गेल्यावरही तो तसाच राहू दिला. थोड्या वेळाने मर्ल म्हणाला की रस्ते बुजवले त्याचा राग तुला आला असेल, हे मी समजू शकतो.

"रस्त्यांचं काय घेऊन बसलास," वेंडेल म्हणाला. "रस्ते गेले खड्ड्यात. तू मला विचारलं नाहीस. मला पेट्रोलपंपावरच्या त्या शेल्बीकडून कळलं. माझा जोडीदार कुठे कामाला लागला ते मला शेल्बी सांगतो."

मर्ल पाण्याकडे बघत म्हणाला, "मला वाटलं तू नको म्हणशील."

"म्हणालोच असतो."

"मग?"

"मग काय? तरी विचारायचं असतं, लेका."

एवढ्या वर्षांत मर्लने कितीदा तरी मनातल्या मनात वेंडेलशी भांडण केलं होतं. जंगल, नोकरी, लुसिलचं आजारपण, सगळ्यावर त्याच्यापाशी बिनतोड जबाब तयार होते. ही एक गोष्ट त्यात कधी आलीच नव्हती. टाकीतला ऑक्सिजन संपत आला तेव्हा त्याने गाडी वळवली. पिकअपमध्ये बसताना वेंडेल म्हणाला, पाणी कमी झालं की उन्हाळ्यात बघू. मर्ल बरं म्हणाला.

फेब्रुवारीत वेंडेल गेला. अंत्यविधीला चर्चमध्ये मर्ल सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता. इर्माने मागे वळून त्याला पुढे बोलावलं आणि आपल्या शेजारी बसवलं. ते सगळ्या गावाने पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्याशी बोलू लागले. दुकानाच्या मालकिणीने गुडघ्याची चौकशी केली. खानावळीत कुणीतरी खुर्ची ओढून दिली. मर्ल बसला. यंदा खेकडे कसे आहेत, कुणाच्या कुरणात एल्क सांबरं शिरली, असं बोलणं चाललं होतं. ती माणसं पंचवीस वर्षं एकमेकांत बोलत आलेली, त्यांची वाक्यं मधूनच सुरू व्हायची. अर्धी नावं त्याला ठाऊक नव्हती. कशावर तरी सगळे हसले की तो जरा उशिरा हसायचा. ती चांगलीच माणसं होती, त्यांनी त्याचा कप दोनदा भरून दिला. पण त्यांच्यातल्या एकानेही त्याच्याबरोबर करवत धरली नव्हती. आठवडाभर तो रोज गेला, मग एकाआड एक, मग कधीतरी.

उन्हाळ्यात इर्मा बहिणीकडे राहायला ओरेगॉनला निघून गेली. ओढ्याचं पाणी आटलं, पण मर्ल पलीकडे गेला नाही.

सकाळचा तो राईत जातो ते मात्र सुटलं नाही. परवा एक तरुण जोडपं लवकर आलं होतं. त्यांनी त्याला आपला फोटो काढायला लावला. मग बाईने विचारलं, तुम्ही इथलेच का? हो म्हणाल्यावर ती म्हणाली, किती नशीबवान आहात, आणि तिला ते खरंच वाटत होतं. मर्लने मान डोलावली. ती दोघं हात धरून वळणापलीकडे गेली. त्याने थर्मासातली उरलेली कॉफी ओतून घेतली. ती कोमट झाली होती, तरी तो ती सावकाश प्यायला.