परतायला लागणारा वेळ

मोनाली रामटेके कशात पीएच.डी. करते असं खापरखेड्याच्या कॉलनीत विचारलं, तर कोणी सांगे फिजिक्समध्ये, कोणी सांगे पैशात. दोन्ही खरं होतं. तिचे वडील नागसेन वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनाही लेकीचा विषय चारचौघांत नीट सांगता येत नसे. मग एकदा तिने एक पोलादी पट्टी टेबलावर उभी धरली, वरून बोटाने थोडा भार दिला आणि मधोमध टिचकी मारली. पट्टी थरथरून सरळ झाली. भार वाढवला, तसा तिला सरळ व्हायला वेळ लागू लागला. कोलमडायच्या जरा आधी तर ती नुसती रेंगाळली.

"मोडाच्या आधी पट्टी स्वतःच सांगते, बाबा. तिले परत याले किती वेळ लागते, तेवढंच पाहाचं."

माणसांच्या भरवशाचंही असंच असतं का, हे तिला शोधायचं होतं.

या कामात तिच्यासोबत थिरी होती. थिरी म्यानमारमधल्या यांगोनची, वित्तशास्त्रात संशोधन करायला नागपूरला आलेली, आणि मुलींच्या वसतिगृहात राहणारी. मार्गदर्शक गौरांग सरांनी दोघींना एका प्रकल्पावर घेतलं. मोनाली गणित मांडायची, आणि लोक पैसा केव्हा ठेवतात, केव्हा काढतात, ते थिरी समजावायची. मोनालीची आई कांताबाई पहिल्याच रविवारी तिला घरी घेऊन आली. बुद्धाची पोरगी म्हणजे आपलीच पोरगी, असा तिचा साधा हिशेब. विहारात मात्र थिरी गोंधळली. वंदनेचे पाली शब्द तिच्या ओळखीचे होते, चाल अनोळखी होती. बुद्धाशेजारच्या बाबासाहेबांच्या तसबिरीबद्दल तिने विचारलं, तेव्हा कांताबाईने छप्पन सालची धम्मदीक्षा सांगायला घेतली. सासरे पांढरे कपडे घालून कसे गेले, परत आल्यावर घरातल्या जुन्या देवांचं काय केलं, सगळं. थिरी ऐकत राहिली आणि शेवटी हिंदीत म्हणाली, "मौसी, हम तो बस पैदा हुए. आप लोगों ने चुना."

कांताबाईला ते फार आवडलं. तेव्हापासून थिरीचं एक ताट त्या घरात ठरलेलं झालं.

प्रकल्पासाठी आकडे हवे होते. ते कॉलनीच्या बाजारातल्या एका पतसंस्थेने दिले. तिचे व्यवस्थापक भैय्याजी नागसेनना ओळखत. रोज एकंदर किती रक्कम आली आणि किती गेली, एवढंच त्यांनी दिलं. खातेदारांची नावं दिली नाहीत. अभ्यासातलं काही बाहेर बोलायचं नाही, असा शब्द दोघींकडून घेतला.

आकड्यांत दिसत होतं ते असं. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या जरीपटक्यातली दुसरीच एक संस्था बंद पडली, तेव्हा इथल्याही लोकांनी घाबरून पैसे काढले होते; पण आठवड्याभरात ते परत आले. पुढे एका संचालकाच्या आजारपणाची बातमी पसरली. कारण लहान, पण पैसे परतायला महिना लागला. आणि यंदा तर इंटरनेट बंद पडल्याने एक दिवस व्यवहार झाले नाहीत, इतकंच घडलं. तरी दुसऱ्या दिवशी लोकांनी काढलेले पैसे अजून पूर्ण परतले नव्हते.

मोनालीने आलेख पुन्हा काढला. पद्धत बदलून काढला. तो तसाच आला. तिला शोध लागल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ती मनात ओळखीची दारं मोजू लागली. तिच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांचे पैसे त्या संस्थेत होते.

"शोधनिबंधाला हे पुरेसं आहे," गौरांग सर म्हणाले. "पण लोकांना सांगायला पुरेसं नाही. आपल्याकडे शक्यता आहे, पुरावा नाही. आणि एक लक्षात ठेव. तू बोललीस तर ती टिचकी तूच मारलेली असेल."

थिरीही तिथेच होती. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर बोलली.

"एकवीस साली लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा आमच्याकडे बँकांनी पैसे देणं थांबवलं. बाबा पहाटे रांगेत उभे राहायचे, टोकन मिळालं तर मिळालं. माझी आत्या बँकेतच होती. तिला आधी कुणकुण लागली होती. नियम म्हणून ती गप्प राहिली." तिने पायरीवरचं पान उचलून चुरगाळलं. "मी अजून तिला फोन करत नाही. तू आईला सांग."

"आणि आईने दहाजणींना सांगितलं तर?"

"तर दहाजणी वाचतील."

"आणि बाकीचे?"

थिरी उठून पायऱ्या उतरू लागली.

मोनाली आधी भैय्याजींकडे गेली. त्यांनी आलेख शांतपणे पाहिला, चहा मागवला, काचेचं दार लोटून घेतलं.

"कोणी काही खाल्लं नाई, बाई. लोकायचे पैसे लोकायच्याच घरात गेले आहेत, बांधकामात, दुकानात. ते हळूहळूच येतात. सगळे एकदम दारात आले तर कोणतीच संस्था उभी राहत नाई."

"म्हणजे हे खरं आहे?"

"थोडं तंग आहे. मले मार्चपर्यंत वेळ दे. मोठी वसुली आहे, ते झाली की सावरते." मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "माहे सासरेबुवा, माही बहीण, सगळ्यायचं इथंच आहे. मी त्यायलेई सांगतलं नाई."

मोनालीने मार्चपर्यंत गप्प राहायचं कबूल केलं. परतताना तिला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाही. आणि त्यामुळेच तिची भीती वाढली. चोर असता तर निर्णय सोपा होता.

त्यानंतर तिला कॉलनी वेगळीच दिसू लागली. किराणा दुकानात, ऑटोत, विहाराच्या ओट्यावर ती लोकांचे शब्द कान देऊन ऐकू लागली. कोणी संस्थेचं नाव काढलं की ती जागीच थांबायची. वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर नेहमीसारखाच होता, बायका नेहमीसारख्याच वाळवणावरची राख झटकत होत्या. कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि ती त्यांच्यात वावरत होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कांताबाई गहू निवडत बसली होती. विहाराच्या सभागृहासाठी बायकांनी वर्षानुवर्षं जमवलेला पैसा तिच्याकडे सांभाळायला होता.

"उद्या भैय्याजीच्या संस्थेत टाकून येतो," ती म्हणाली. "बँकेपक्षा व्याज बरं आहे तिथं. शामलाबाईनंबी तिथंच टाकलं."

मोनाली पाणी पीत होती. तिने पेला खाली ठेवला.

"तिथं नको टाकू, आई."

"काहून?"

काहीतरी सांगायला हवं होतं, व्याज, अंतर, आधार कार्ड, काहीही. पण तिला एकही खोटं सुचलं नाही. कांताबाईचा हात सुपात थांबला. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा गहू निवडू लागली.

आपण कोणाला काही सांगितलं नाही, असं कांताबाई पुढे शपथेवर म्हणाली. विहारातल्या बायकांनी पैसे भरले का म्हणून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की पोरगी म्हणते थांब. शामलाबाई तिथेच होती. पोरगी म्हणजे पैशावर पीएच.डी. करणारी पोरगी. शामलाबाई चप्पल घालून तडक पतसंस्थेकडे निघाली.

शुक्रवारी सकाळी थिरीने वर्गातून मोनालीला बाहेर बोलावलं. संस्थेसमोर रांग लागल्याचा नागसेनांचा फोन तिला आला होता, कारण मोनालीचा बंद होता. दोघी मिळेल त्या बसने खापरखेड्याला पोचल्या. पतसंस्थेसमोरचा रस्ता भरला होता, तरी आवाज फार नव्हता. मोनालीला भांडणं, शिव्या अपेक्षित होत्या. लोक हळू बोलत होते, आणि ठेवीचे कागद छातीशी धरून उभे होते.

थिरीने तिचा हात पकडला. "बाकं रिकामी आहेत बघ," ती म्हणाली. "कोणी बसत नाही. आमच्याकडेही असंच होतं."

आत भैय्याजी काउंटरमागे उभं राहून स्वतः पैसे देत होते. घाम पुसताना त्यांची नजर गर्दीवरून फिरली आणि मोनालीवर थांबली. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, जसं एखाद्याने निरोप पोचल्याचं कळवावं, आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला. दुपारी शटर अर्धं खाली आलं. संध्याकाळपर्यंत पूर्ण.

नंतर सरकारने नेमलेला प्रशासक आला. रांगेत पुढे असलेल्यांना सगळं मिळालं, मागच्यांना हप्त्याहप्त्याने मिळणार, असं सांगितलं गेलं. विहाराचा पैसा वाचला. शामलाबाईचा वाचला. भैय्याजींच्या बहिणीचा नाही. ते स्वतः कुहीकडच्या गावी निघून गेले. तिथे भावाच्या धानाच्या शेतात असतात असं कोणीतरी सांगितलं. मार्चची वसुली झाली असती का, संस्था सावरली असती का, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं.

गौरांग सर मात्र उत्साहात होते. "तुझं भाकीत खरं ठरलं. शेवटचा बिंदू आलेखावर टाक. असा पुरावा जगात फार थोड्यांकडे असेल."

"तो बिंदू मी तयार केला, सर. पुरावा म्हणून धरता येणार नाही."

"धक्का कुणीही दिला असता."

"कुणीही दिला असता," मोनाली म्हणाली, "पण मी दिला."

तिने तो भाग निबंधातून काढला. थिरीला ते पटलं नाही. तुझी आई वाचली, याला तू गुन्हा काहून म्हणतेस, असं तिने कांताबाईकडून उचललेल्या बोलीत विचारलं. त्यावर दोघी पहिल्यांदा भांडल्या. त्या रात्री वसतिगृहातून थिरीने यांगोनला आत्याला फोन लावला.

कॉलनीत मोनालीला कोणी वाईट बोललं नाही. उलट मान वाढला, आणि तोच तिला नकोसा झाला. ती दिसली की गप्पा थांबायच्या. रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, पोस्टात ठेवू का, अमुक बँक चांगली का. ती माहीत नाही म्हणायची. मग तिने बाजारात जाणंच कमी केलं.

मे महिन्यात एकदा ती भाजी घेत होती. शेजारी उभ्या बाईने मोठ्या बँकेचं नाव घेऊन हळूच विचारलं, "तिथं आमचं सगळं आहे वं, मोनाली. राहू देऊ ना?"

"मले खरंच माहीत नाही, काकू."

बाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग निवडलेली वांगी तशीच टोपलीत टाकली, पिशवी काखेत मारली आणि भरभर बँकेच्या रस्त्याने निघाली. भाजीवाली त्या बाईकडे बघत राहिली, मग मोनालीकडे वळून तिने विचारलं, "काय झालं, ताई?"