झीलकऱ्याचा स्पीकर

पडदा वर जातो तेव्हा दिसतं आदिलाबादच्या बाजारातलं एक दुकान. भिंतीला टेकून माणसाएवढे काळे डबे उभे, प्रत्येकाच्या पोटात लाल-निळा दिवा. मधोमध प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर, मांडवातल्या वरमाय-वरबापासारखे बसलेत धोंडीबा आणि त्याची बायको पंचफुला.

धोंडीबाला घरासाठी स्पीकर घ्यायचा होता. कारण एकच, नागोराव.

बाजारहत्नूरकडच्या त्यांच्या गावात एके काळी दंडार रंगायची. पुरुषांनीच बायका व्हायचं, गायचं, नाचायचं. नागोराव पुढचा गडी. लुगडं नेसून तो उजेडात आला की लोक टोप्या उडवत. धोंडीबा त्याच्यामागचा झीलकरी. पुढच्यानं ओळ टाकायची, मागच्यानं ती झेलून वर न्यायची. गळा आपला आणि नाव त्याचं, असा धोंडीबाचा जन्माचा हिशेब. लग्नानंतर पंचफुलानं भोळेपणानं विचारलं होतं, "दंडारीत तुमी कोनते होते जी?" तो काटा अजून निघाला नव्हता.

आता म्हातारपणी नागोरावाच्या लेकानं, लखननं, त्या दंडारीची जुनी कॅसेट पेन ड्राइव्हवर घेतली आणि ओसरीवर दोन दांडगे स्पीकर मांडले. रोज संध्याकाळी गावभर नागोराव! ढोलकीच्या दणदणाटात त्याचा तेवढा आवाज निघे; मागची झील म्हणजे नुसती माशीची घोंघों. दळण घेऊन जाणाऱ्या बाया थबकत. पंचफुलाही थबके. इकडे धोंडीबाच्या घशाखाली भाकर उतरत नसे.

"त्याचा डबा माहा आवाज खाऊन राह्यला," तो म्हणे.

"डबा काऊन खाईन? असन तं आयकू येईन."

आपला आवाज त्यात आहे, हेच ऐकवायला तो तिला घेऊन आला होता. पेन ड्राइव्ह मात्र लखनकडूनच मागावा लागला.

दुकानदार राजकुमारनं आधी सगळ्यात मोठा डबा लावला. "काका, बेस देखो!" कपाटाच्या काचा थरथरल्या.

"हा तं नागोरावाच्या घरच्या डब्याचाच भाऊ," धोंडीबा पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, "बेस नक्को बाबा. गला होना, गला! पीछेवाले का!"

राजकुमार हसला. त्यानं लाकडी अंगाचे दोन लहान स्पीकर काढले, भिंतीपासून पुढे ओढून कानाच्या उंचीला स्टुलांवर ठेवले आणि दणका उतरवला. "अब सुनो. ढोलक अलग, गला अलग."

ढोलकी मागे सरली. नागोरावाची ओळ आली आणि तिचं टोक धरून धोंडीबाची झील उठली. तरणी, लख्ख, उंच.

पंचफुलाचा पदर तोंडाशी गेला. "अवं माय! हे तुमी?"

"मंग कोन, तुहा नागोराव?" धोंडीबा खुर्चीत वीतभर वाढला.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मात्र ढोलकीखाली इतकी वर्षं गाडलेलं काहीतरी वर आलं. गाण्यातला नव्हे, बोलण्यातला आवाज. नागोरावाचाच. माइक त्याच्यापुढे होता, मान मागे वळवून तो हळूच म्हणत होता, "धोंडीबा, आता तू घे. माह्यापरीस तुलेच शोभते."

आणि ते सबंध कडवं धोंडीबा एकटा गात होता.

या कडव्याची त्याची आठवण वेगळी होती. नागोरावाचा दम सरला, तो मुका झाला आणि आपण ते हिसकून घेतलं, अशी. मागे उभ्या धोंडीबाला ढोलकीच्या आवाजात ते बोल कधी ऐकूच गेले नव्हते. त्या हिसकलेल्या कडव्याच्या जोरावरच तर तो आजवर गावात मान वर करून हिंडला होता.

"बापा!" पंचफुला डोळे पुसत म्हणाली. "केवढ्या मनाचा मानूस!"

धोंडीबानं तिच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग त्या स्पीकरांकडे. आपला आवाज सापडला होता. पण बायकोच्या डोळ्यांतलं पाणी नागोरावासाठीच निघालं होतं.

"पॅक करूं क्या, काका?" राजकुमारनं विचारलं.

धोंडीबानं होकाराची मान हलवली आणि पंचफुलाकडे वळून चरफडत म्हणाला, "पाह्यलं? मले मोठं मन दाखवाचं होतं, थे बी त्या लेकाच्या नागोरावानं माह्या अगोदरच दाखवून टाकलं!"