बैलाच्या शिंगावरचा रंग

तांबड्या रंगाची बाटली उघडली आणि टर्पेंटाइनच्या वासासरशी मी नेरे गावातल्या एका गोठ्यात जाऊन उभा राहिलो. पंचवीस वर्षं तरी झाली असतील. वाफेच्या गाडीच्या डब्याचं हुबेहूब छोटं मॉडेल मला करायचं होतं, पण फोटो सगळे काळे-पांढरे. म्हणून रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर डबे रंगवून निवृत्त झालेल्या दादांना रंग विचारायला गेलो होतो.

त्यांनी बैलाच्या शिंगावर बोट ठेवलं. "ह्योच. उरलेला आणला व्हता, पोळ्याला लावला."

मी खूश होऊन शिंगावरचा पापुद्रा खरवडून वहीत ठेवला, तोच दादांच्या पत्नी, काकू, दारातून म्हणाल्या, "त्यो कसला डब्याचा? पुरत न्हवता म्हून म्या त्यात गेरू कालवला."

दादा शिंगाकडे बघतच राहिले. मग मलाच विचारलं, "मंग डब्याचा कंचा व्हता?"

फेरी फुकट गेली म्हणून मी चरफडत निघालो.

आता ते दोघंही नाहीत. गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या आहेत. डब्याच्या खऱ्या रंगाचा नमुना परवाच मिळाला, तो समोर आहे. शेजारी तो पापुद्रा. डब्याचा रंग चुकणार हे मला स्वच्छ दिसतंय, तरी मी बाटलीत चिमूट-चिमूट गेरू टाकतोय.