नानांचं ऑक आणि अमळनेरचे फोन

तोताराम नाना दीपनगरच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं दर तासाला मीटरचे काटे वाचून वहीत उतरवत होते. निवृत्त होऊन पिंप्राळ्यात राहायला आले आणि पंधरा दिवसांत घरच्या फ्रीजचं तापमान तासातासाला लिहायला लागले. तेव्हा त्यांच्या बायकोने, सुंदरबाईंनी, भाचीला फोन केला. "मोहिनी, यांना कुठेतरी बसव."

मोहिनीची छोटी कंपनी होती. शेतकऱ्यांना मोबाइलवर हवामान सांगणारं ॲप ती चालवायची. ॲपचा सर्व्हर दिवसभरात काय काय घडलं ते ओळीओळीने लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. तो वाचायचं काम नानांना मिळालं. रोजच्या चाळीस हजार ओळी. नाना पडद्याला बोट लावून वाचत. बिघाडाची ओळ सापडेपर्यंत सर्व्हर बंद पडून दुपार झालेली असे.

हे वाचन प्रोग्रामवर सोपवायचं ठरलं. पण तो कोणत्या भाषेत लिहायचा यावरून मोहिनीच्या दोन इंजिनिअरांची तीन आठवडे जुंपली. कामिनी पायथनच्या बाजूची, धुळ्याच्या देवपूरचा जितेंद्र पर्लच्या. दोघं एकमेकांच्या डब्यातली भाजीही घेईनाशी झाली. शेवटी मोहिनी म्हणाली, "सांभाळायचं नानांना आहे. नानाच ठरवतील."

नानांनी दोघांना दहा-दहा मिनिटं दिली. जितेंद्रने अख्खा प्रोग्राम एका ओळीत लिहून दाखवला.

"ह्या मधल्या टिंबाचं काम काय?" नानांनी विचारलं.

जितेंद्रने ते टिंब खोडून पाहिलं. प्रोग्राम चालेना.

कामिनीचा प्रोग्राम वाचता येत होता, पण पहिल्या पाच ओळी इकडून तिकडून सामान मागवण्यातच गेल्या. "कामाला कधी लागतो हा, बाई?" नाना म्हणाले.

मग कामिनीनेच सांगितलं की ऑक नावाची एक जुनी भाषा आहे. ती एकेक ओळ बघते, हवं ते दिसलं तर सांगते, नाहीतर पुढे जाते. नाना खुर्चीत सरसावून बसले. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? "हीच," ते म्हणाले.

प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला. बिघाड झाला की सर्व्हर लॉगमध्ये इंग्रजीत 'एरर' असं लिहितो. वीज केंद्राच्या वहीत सगळं दोन अक्षरांत आटपायची सवय, म्हणून नानांनी शोधायला फक्त ई आणि आर ही अक्षरं दिली. ती लागून आली की संगणकाला जोडलेली टेबलावरची घंटी वाजणार.

सोमवारी घंटी वाजायला लागली ती थांबेचना. लॉगच्या प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचं गाव असायचं; घंटी वाजवणाऱ्या ओळींतली गावं नानांनी वहीत उतरवली. रावेर, जामनेर, अमळनेर, एरंडोल. धुळे जिल्ह्यातून एकही नाही.

"आमच्याकडची माणसं फोन नीट वापरतात," जितेंद्र म्हणाला.

नानांनी एकेका शेतकऱ्याला फोन लावायला घेतलं. अमळनेरच्या रतिलालभाऊंना तर दिवसात तीनदा. "भाऊ, काही बिघडलंय का तुमच्याकडे?"

"आठे बठ्ठं बरं शे, नाना. तुम्ही कसा शेतस?" इकडे सगळं ठीक असल्याचं सांगून भाऊ उलट नानांचीच खुशाली विचारत.

तिसऱ्या फोनला रतिलालभाऊंनी, नानांचं मन राखायचं म्हणून, कमरेत जरा चमक भरते असं सांगितलं. नानांनी तेही लिहून घेतलं.

गुरुवारी कामिनीने ती वही चाळली. "नाना, ही गावं जरा इंग्रजीत लिहा बरं."

नानांनी लिहिली. रावेर, जामनेर, अमळनेरच्या शेवटी ई-आर. एरंडोलच्या सुरुवातीलाच ई-आर. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ई-आर तिथेच होतं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी प्रोग्राममध्ये 'एरर'ची उरलेली अक्षरं घातली आणि घंटी गप्प झाली.

शुक्रवारी ती एकदाच वाजली. सर्व्हर खरोखर अडकला होता. चार मिनिटांत सुरू झाला.

शनिवारी रतिलालभाऊंचाच फोन आला. दोन दिवस नानांचा आवाज नाही, तब्येत बरी आहे ना, म्हणून. मागोमाग रावेरहून दोघांनी तेच विचारलं. मोहिनीने डोक्याला हात लावला आणि रोजचा एक तास नानांच्या फोनसाठी राखून ठेवला.

पुढच्या आठवड्यात जितेंद्र नानांच्या टेबलाशी घुटमळत आला. "नाना, आमचे आबा विचारत होते, धुळ्याला फोन का नाही करत म्हणून."

नानांनी वही उघडली. "नंबर सांग."