कोणती तालीम?

गावात असं सांगतात की गाण्याच्या पोरांना खोली दिली होती, पण त्यांनीच ती सोडली. परवा चहाच्या टपरीवर एकजण हे मलाच रंगवून सांगत होता. मी कप ठेवला आणि निघून आलो. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, कारण हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आमचं गाव वसमतच्या अलीकडं. नोकरीभर मी एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. कोणती गाडी कुठं लागली, कुठं जाणार, हे भोंग्यावरून सांगायचं काम. गाव मला अजून कंट्रोलर म्हणतं. निवृत्त झाल्यावर शेतातला आखाडा नीट करून घेतला. आमच्याकडं आखाडा म्हणजे शेतातली गुरं बांधायची, उठाबसायची जागा. कुस्तीच्या जागेला आम्ही तालीम म्हणतो. बाहेरच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा घोळ तालीम या शब्दानं केला. शब्दानं कसला, मी केला.

त्या आखाड्यावर बौद्ध वस्तीतल्या एका मुलीची गायनपार्टी सरावाला यायची. ती भीमगीतं गायची, भाऊ कीबोर्डवर, आणखी दोघं ढोलकी आणि पॅडवर. मी कधीमधी पेटी धरायचो. विहारात स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका, तिथं आवाज चालत नव्हता. घरात गायलं तर शेजारची म्हातारी भिंत ठोकायची. माझ्या शेतात मोकळीक होती, पण शेताची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गाणं जरा बसायला लागलं की कीबोर्ड मुका व्हायचा.

"काका, ढोलकीला लाईट लागत न्हाई, तिचं बरं हाय," भाऊ म्हणायचा. "माझं वाद्य म्हंजी जावई. मान ठेवला तरच बोलतंय."

जयंतीच्या महिन्यात बाहेरगावची पहिली मोठी सुपारी त्यांना मिळाली होती. कार्यक्रम रंगला तर पार्टी उभी राहणार होती. पडला तर भाऊ पुण्याला कंपनीत जाणार, असं घरात ठरलं होतं. तिला गावात एक खोली हवी होती. लाईटची, कुलूप लागणारी, सामान रोज वाहावं न लागणारी.

गुरांच्या दवाखान्याची जुनी खोली रिकामी पडली होती. ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पोरांना तालमीसाठी ती खोली द्या."

माझ्या पाठीत एक जोरदार थाप बसली. मागं पैलवान होता, माझ्याच वयाचा, तरुणपणी जत्रेचे फड गाजवलेला. "शाब्बास कंट्रोलर! गावाला तालीम न्हाई म्हनून पोरं मोबाईलमधी मरून राहिली. द्या खोली!"

भराभर हात वर गेले. मला तेव्हाच कळलं की हे हात कुस्तीसाठी वर गेले आहेत. 'गाण्याच्या तालमीसाठी' एवढं म्हणायचं होतं. पण लगेच कुणीतरी विचारलं असतं, कोणाची गाणी? मग अर्धे हात खाली आले असते, हे मला माहीत होतं. म्हणून मी गप्प बसलो. उलट, न भांडता काम काढलं म्हणून मनातून खूश झालो. दाराजवळ बायकांत ती मुलगी बसली होती. तिनंही हात वर केला होता. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

खोली उघडायच्या सकाळी ती मंडळी ऑटोत स्पीकर, कीबोर्ड घालून आली, तर दारात ट्रॅक्टर उभा. आत लाल मातीचा ढीग. पैलवान मातीत हळद आणि तेल कालवत होता, अंगात बनियन, चेहऱ्यावर वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखा आनंद.

"चपला भाईर काढा," तो म्हणाला. मग ऑटोकडं बघून, "हे काहून आणलं? उद्घाटनाला डीजे हाय व्हय?"

"आमची तालीम हाय इथं," मुलगी म्हणाली.

"पोरीबाळींची कुस्ती? हरकत न्हाई, आता समद्याच खेळून राहिल्या."

"गाण्याची तालीम, आजोबा."

पैलवान माझ्याकडं वळला. "कंट्रोलर, तुमीच सांगा. तुमी कोणती तालीम मागितली?"

तिथं जमलेली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "दोन्ही. आलटून पालटून वापरा की."

ती मुलगी हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "काका, स्टँडवर असंच सांगायचे का? गाडी नांदेडलाबी जाती अन् परभणीलाबी?"

लोक हसले. मीही हसलो, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दोन-चार वेळा त्यांनी तिथं सराव करून पाहिला. माती कीबोर्डच्या पट्ट्यांत बसली, काही सूर दाबले की दाबलेलेच राहायचे. ढोलकीची शाई तेलकट झाली. मग ते यायचे बंद झाले. सुपारीला कीबोर्ड मध्येच अडला आणि गाणं विस्कटलं. भाऊ पुण्याला गेला. मुलगी नांदेडच्या एका पार्टीत मागं कोरसला उभी राहते.

आणि तालीम? पोरं वसमतला जिमला जातात. माती वाळून दगड झाली आहे.

मी पैलवानाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "तवाच बोलले असते तर मीच पयला हात वर केला असता." आता असं म्हणायला काय जातं! पण खरंच केला असता तर? या विचारानं जास्तच तळमळ होते. माती काढ म्हटलं तर म्हणतो, पुढच्या नागपंचमीनंतर बघू.

ग्रामसभेत सांगायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा कोरम भरला नाही, सभा तहकूब. ग्रामसेवक म्हणाला, "काका, एवढ्याशा गोष्टीला कशाला तकलीफ घेता?"

शेवटी मुलीला फोन लावला, म्हटलं, हे लिहून काढतोय.

"लिवा. पण आमच्यावर अन्याय झाला, आमी लई सोसलं, असलं नका लिवू."

"मग काय लिहू?"

"तुमाला सभेतच कळलं होतं अन् तुमी बोलले न्हाई. तेवढंच लिवा." मागं कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

तेवढंच लिहिलं आहे. तिसऱ्या सभेला कोरम भरो न भरो, पंचायतीच्या ओट्यावर जेवढे बसलेले असतील तेवढ्यांना वाचून दाखवणार आहे.