बांधावरून शिकलेली बॉलिंग

पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्या माणसाला मी वाचनालयाची पायरी चढू देत नाही. लोणावळ्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. "चंद्रिकाबाई उशाशी खोडरबर घेऊन झोपतात," असं माझ्यामागे बोलतात. बोलोत बापडे. तीस वर्षं ग्रंथपाल आहे, लोकांच्या रेघा खोडून बोटं झिजली माझी. हे आधी सांगते, कारण त्याशिवाय यशोधरा ओव्हाळची गोष्ट पुरी होत नाही.

यशोधरा मळवलीजवळच्या भाजे गावची. रेल्वेत, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये नोकरीला. वय बत्तीस. गेल्या दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ड्यूटीवरून थेट आली, अंगातलं केशरी जाकीट न काढता. टेबलाशी उभी राहून म्हणाली, "बाई, बॉलिंग शिकवणारं पुस्तक हाय का?"

मला क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नाही. मी विचारलं, "मुलासाठी हवंय का?"

"न्हाई. माझ्यासाठी."

मग तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या खात्याच्या बायकांच्या संघाची जानेवारीत निवड होती. आदल्या वर्षी ती गेली होती. चेंडू टाकताना तिचा पाय रेषेपुढे पडायचा, आणि पाय पुढे पडला की तो नो-बॉल, म्हणजे फुकट. दोन षटकांत सात नो-बॉल टाकून ती परत आली होती. यंदाची खेप शेवटची, पुढच्या वर्षी वयामुळे कोणी विचारणार नव्हतं.

"शिकवणारं कुणी नाही का तुला?"

"सगळे म्हणत्यात, पाय मागं टाक. मागं म्हंजे किती? आमी रुळात दोन सूत फरक पडला तरी कुटं पडला ते सांगतो. ह्यांना येवडं पन सांगता येईना."

मला ती आवडली. मापात बोलणारी माणसं हल्ली मिळतात कुठे!

पहिलं पुस्तक मी दिलं एका नामवंत गोलंदाजाच्या आयुष्याचं. चारशे पानं. तीन दिवसांत परत आणलं. "बाई, ह्यात त्यानं काय खाल्लं, कुणाशी भांडला, ते समदं हाय. पाय कुटं टाकला ते न्हाई."

दुसरं मी फार डौलात काढून दिलं. इंग्रजी, गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं. त्यात वीस पावलांची धाव सांगितली होती. दिवसाकाठी दोन पानं मी तिला मराठीत सांगायची, आणि पुढचा महिनाभर ती ड्यूटीनंतर मैदानावर चुन्याच्या खुणा करून वीस पावलं पळत राहिली. नो-बॉल वाढले. वर कंबर धरली. चालताना कमरेवर हात ठेवून आली तेव्हा माझाच जीव गलबलला. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, तसलं ते पुस्तक, आणि मी ते निव्वळ वेष्टण बघून निवडलेलं. इतकी वर्षं पुस्तकांत काढून हे शहाणपण!

चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात तशी उलट तिच्यावरच डाफरले. "चांगलं पुस्तक कोणतं ते तुला तरी कळतं का गं?"

ती शांतपणे म्हणाली, "आता कळतंय. चुकल्यावर काय करायचं ते ज्यात लिव्हलंय, ते. ज्यांचं समदं बरोबर चाललंय त्यांना पुस्तक लागतंय कशाला?"

रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. सकाळी मागच्या खोलीत गेले. रद्दीसाठी बांधून ठेवलेले गठ्ठे होते तिथे, माझ्याच हातांनी बांधलेले. त्यातल्या एकात शेहेचाळीस पानांची एक पुस्तिका सापडली. कोणा निवृत्त क्रीडाशिक्षकानं लिहिलेली, हातानं काढलेली चित्रं, एकोणीस वर्षांत कोणी हात लावला नव्हता. अर्ध्याहून जास्त पुस्तिका नुसत्या चुकांवर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

सतराव्या पानावर लिहिलं होतं: पाय रेषेपुढे पडत असेल तर रेषेकडे बघू नका. जिथे गोलंदाजी शिकलात तिथे जा. तशीच धाव घ्या, आणि पहिल्या पावलापासून कोणाला तरी बघायला सांगा.

यशोधरानं ते दोनदा वाचलं. "कोणाला तरी म्हंजे तुमीच चला."

"अगं, मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हनूनच. कळनारे समदे रेषच बघत्यात."

रविवारी मी लोकलनं मळवलीला उतरले आणि गुडघे दाबत भाज्याला पोचले. भाताची कापणी झालेली, खाचरं मोकळी. तिच्या आईनं, येसूबाईंनी, मला बांधाशी घोंगडी अंथरून दिली. म्हणाल्या, "खाचर येवडंसं, पळायला जागा कुटनं आनायची? ही बांधावरनंच पळत यायची. बांध ढासळला म्हनून बापाच्या शिव्या लय खाल्ल्यात हिनं."

एक यष्टी रोवली, विळ्यानं मातीत रेघ ओढली. यशोधरा बांधावर चढली, उतरून पळत आली आणि चेंडू टाकला. पाय रेघेच्या आत. सहा चेंडू टाकले, सहाही वेळा आत. मग आम्ही शेजारच्या सपाट पडीक जागेत गेलो. तिथेही रेघ ओढली. पहिल्या चेंडूलाच पाय रेघेबाहेर. दुसऱ्यालाही. तिचा चेहरा उतरला, ओठ चावत परत जागेवर गेली.

मी पुस्तक मिटलं आणि सांगितल्याप्रमाणे पहिलं पाऊल बघितलं. "यशोधरा, पुन्हा बांधावर जा बघू." ती गेली, उतरली. "अगं, बांधावरून तू डावा पाय आधी टाकतेस. इथे सपाटीवर उजवा."

तिनं बोटांवर पावलं मोजली. पाय बदलला की शेवटी एक पाऊल जास्त होत होतं, आणि तेच रेषेपुढे पडत होतं. इतकं साधं.

"आजवर समदे माझा शेवटचा पाय बघत व्हते, बाई," ती म्हणाली. डोळे पुसले आणि डावा पाय पुढे टाकून पळाली. पाय आत पडला. येसूबाईंनी आम्हाला गुळाचा चहा दिला.

जानेवारीच्या अखेरीस ती पुस्तक परत करायला आली. मुदत संपून तीन आठवडे झाले होते, दंडाची पावती मी मुद्दाम फाडली नाही. "चार षटकं टाकली, बाई. एकबी नो-बॉल न्हाई. यादीत नाव लागलं." मी उठून तिला पोटाशी धरलं. वाचनालयात शांतता राखा ही पाटी माझ्याच डोक्यावर होती, पण मला हुंदका आवरला नाही.

ती गेल्यावर सवयीनं पुस्तक चाळलं. सतराव्या पानावर, समासात, पेन्सिलीनं ठळक लिहिलं होतं: 'बांधावर शिकलेल्या बायांनी पहिला पाय बघावा. शेवटचा आपोआप बरोबर पडतो.'

खणातून खोडरबर काढला. बराच वेळ हातात धरला आणि परत ठेवून दिला.

पुस्तक आता दर्शनी फळीवर आहे. ते अक्षर कोणी खोडलं तर गाठ माझ्याशी आहे.